‘टाइड टू समवन्स एप्रन स्ट्रिंग्ज’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ काय आणि तो कधी वापरावा?

शब्दशः अर्थ ‘कुणाच्या एप्रनच्या नाड्यांना बांधलेला असणे’ असा असला, तरी वयाने मोठी झालेली व्यक्ती आईच्या, क्वचित पत्नीच्या, इतकी आहारी गेलेली असणे की तिला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येत नाहीत, असा त्याचा रूढ अर्थ आहे. मराठीत आपण ‘अजून आईचा पदर सुटलेला नाही’ म्हणतो, तोच भाव येथे आहे; ‘ताटाखालचे मांजर’ मात्र जरा वेगळे, कारण त्यात दुसऱ्याच्या धाकाने मिंधे होणे अधिक आहे.

उदाहरणार्थ, चाळिशीतला गृहस्थ नोकरी बदलण्यापूर्वी प्रत्येक वेळी आईचा होकार मिळवत असेल, तर ‘ही इज स्टिल टाइड टू हिज मदर्स एप्रन स्ट्रिंग्ज’ असे म्हणता येईल. येथे ‘स्ट्रिंग्ज’ हे अनेकवचनच वापरले जाते. ‘कट द एप्रन स्ट्रिंग्ज’ म्हणजे हे अवलंबित्व तोडून स्वतंत्र होणे. ते मुलाने करावे किंवा आईनेही, आणि मूळ कंपनीपासून वेगळ्या होणाऱ्या शाखेविषयीही तसे लिहिले जाते.

या वाक्प्रचारात टोमणा असतो, त्यामुळे आजारी आईची सेवा करणाऱ्या मुलाविषयी तो वापरणे अन्यायाचे ठरेल. केवळ पैशांसाठी कुणावर विसंबून असणाऱ्यालाही तो नीटसा लागू पडत नाही, कारण त्याचा रोख खिशावर नसून मनाच्या परावलंबित्वावर आहे.