दीपगृह की दीपस्तंभ?

प्रश्न असा आहे: अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर जहाजांना वाट दाखवणारा जो दिव्याचा मनोरा आहे, त्याला दीपगृह म्हणावं की दीपस्तंभ? बातम्यांत दोन्ही शब्द दिसतात.

दीपगृह म्हणावं. दीपस्तंभ अगदीच चूक नाही, हिंदीत तर सरकारी शब्दही तोच आहे. पण मराठीत त्याच्यावर आधीच बराच भार आहे. गोव्यात दीपस्तंभ म्हटलं की मंगेशीसारख्या देवळापुढचा मजल्यामजल्यांचा उंच खांब डोळ्यांपुढे येतो (देशावर त्याची भावंडं म्हणजे दीपमाळा), आणि भाषणांत थोर माणसं ‘समाजाचे दीपस्तंभ’ असतात. दीपगृहाला असा दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

‘खडकावर नुसता मनोराच असतो, मग गृह कसलं?’ ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एडिस्टोन खडकावर मिळतं. तिथे घर बांधायला जागाच नाही, म्हणून माणसं मनोऱ्यातच राहत. जॉन स्मीटन या इंजिनिअरचा तिथला मनोरा १७५९ साली पेटला, तोही २४ मेणबत्त्यांवर. सुतार लाकडात खाचा पाडून सांधे बसवतो तसे त्याने ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांत अडकवले आणि पाण्याखालीही घट्ट होणारा चुना वापरला. पुढे मनोरा शाबूत राहिला, पण खालचा खडक झिजला. मोठी लाट आदळली की सगळं हादरू लागलं. शेवटी १८८२ मध्ये शेजारच्या खडकावर नवं दीपगृह सुरू झालं. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथला उभारला, बुंधा अजून समुद्रात आहे.

खांदेरीला मात्र जागेची अशी अडचण नाही, बेट मोठं आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, दीपगृह १८६७ सालचं. १९९८ पासून बेटाचं अधिकृत नाव कान्होजी आंग्रे बेट.

लिहिताना खरी गफलत होते ती ‘उंची’ या शब्दात. मनोऱ्याची उंची जोत्यापासून मोजतात, दिव्याची भरतीच्या पाण्यापासून. मनोरा टेकडीवर असला की दोन्ही आकड्यांत बरंच अंतर पडतं, आणि खलाशाच्या कामाचा आकडा दुसरा, कारण दिवा किती लांबून दिसेल ते त्यावरून ठरतं. दिवा ४९ मीटरवर आणि बघणाऱ्याचा डोळा ४ मीटरवर असेल, तर दोन्ही वर्गमुळांची बेरीज ७ + २ = ९. तिला २.०८ या ठरीव आकड्याने गुणलं की सुमारे १९ सागरी मैल. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यापलीकडे दिवा क्षितिजाखाली जातो, तो कितीही प्रखर असला तरी. म्हणून ‘दीपगृहाची उंची’ असं मोघम न लिहिता मनोऱ्याची की दिव्याची, ते लिहावं.