युक्रेनमध्ये एमबीबीएस करणारी मुलं तिथलं एखादं गाव तरी बघतात का? छोट्या गावाचा इतिहास कुणी सांगेल का?

बघतात. तुमच्या प्रश्नातल्या 'तरी'मुळे लिहायला बसलो. मी विनित्सियात शिकलो. शहराला लागूनच विश्न्या आहे, आता शहरातच धरतात. तिथे शल्यविशारद निकोलाय पिरोगोव यांचा वाडा, बाग आणि दवाखाना आहे. जवळच्या चर्चच्या तळघरात काचेच्या झाकणाखाली ते स्वतःही आहेत. 1881 साली वारले, पण देह अजून आहे. अंगावर सोनेरी नक्षीचा सरकारी गणवेश, पांढरी दाढी. गंमत म्हणून आलेली आमची सीनियर मंडळी तिथे एकदम गप्प झाली होती.

सुट्टीत घरी आलो तर एका लग्नाच्या पंगतीत मामा (स्वतः डॉक्टर, सरकारी कॉलेजचे, हे ते दर दहा मिनिटांनी सांगतात) मोठ्यांदा म्हणाले, "काय रे, तिकडे डिसेक्शनला बॉडी तरी मिळते का?" सगळे हसले. मी म्हटलं, "मामा, तिथे चर्चमध्येसुद्धा ठेवलीय." जिलबी वाढणारा थांबला. मामांना मात्र पिरोगोव कोण ते माहीत नव्हतं.

हाच तो माणूस, ज्याने गोठवलेल्या प्रेतांचे करवतीने काप काढून शरीररचनेचा अॅटलास केला. 1847 मध्ये दागेस्तानच्या लढाईत ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या. क्रिमियन युद्धात जखमींची प्रतवारी लावली (कुणावर आधी उपचार करायचे ते ठरवलं), प्लास्टर वापरलं. मग 1860च्या दशकात सगळं सोडून या खेड्यात येऊन राहिला. गरिबांना फुकट तपासायचा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ऑपरेशन झालेले रोगी तो एका वॉर्डात कोंबत नसे. गावातल्या शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांत वेगवेगळे ठेवायचा. मोठ्या हॉस्पिटलांत धावरं (कातडीचा पसरणारा संसर्ग) आणि पू होऊन माणसं पटापट मरायची, इथे बरी व्हायची. जंतूंचं शास्त्र तेव्हा कुठे रांगत होतं. म्हणजे हे गाव पुस्तकाआधी शिकलं म्हणा ना.

देह टिकवण्याचं काम त्याच्याच शिष्याने, विवोदत्सेवने केलं. पत्नीने त्यासाठी चर्चची परवानगी मिळवली. लेनिनचा देह असाच जपून ठेवला, त्याच्या 43 वर्षं आधी! दुसऱ्या महायुद्धात देहाची हेळसांड झाली, नंतर पुन्हा लेपन करावं लागलं. 1947 पासून वाड्यात संग्रहालय आहे. पिरोगोवच्या आधीचं गाव कसं होतं ते विचारू नका, आम्ही सगळे त्याच्यासाठीच जायचो.

तर ज्यांच्या मुलांना तिकडच्या डिग्रीवरून टोमणे बसतात त्यांनी उलट विचारावं, की तुम्ही तुमच्या कॉलेजबाहेर काय पाहिलंत? एफएमजीई (परदेशी डिग्रीवाल्यांना भारतात डॉक्टरकीसाठी द्यावी लागणारी परीक्षा) पास झालो ते एजंटमुळे नव्हे, रात्री जागून. हो, नुसते पैसे भरून हॉस्टेलवर झोपणारीही मुलं होती, खोटं कशाला बोलू. प्लास्टरचं सगळं श्रेयही पिरोगोवला देऊ नका, डच मॅथिसेन आधी होता. शिवाय पिरोगोव जन्माने मॉस्कोचा, झारच्या नोकरीतला, त्यामुळे तिथे आता त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत सारखं असेल असं धरून चालू नका. आणि युद्ध चालू असताना पर्यटनाचा विचार सोडा. 2022च्या जुलैत विनित्सियात भरदिवसा क्षेपणास्त्रं पडली. मामांनी तेव्हा फोन केला होता, तो मी घेतला नाही.