यादी लिहूनही डोकं मोकळं होत नाही, मग काय करायचं?

"मॅडम, सगळं लिहून ठेवतो तरी कुठलं काम कुठपर्यंत आलंय तेच आठवत नाही, माझी मेमरी जातेय का?" माझ्याकडे समुपदेशनाला येणारे तिशी-चाळिशीतले लोक हल्ली हे फार विचारतात. त्यातलेच एक गृहस्थ, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत परचेसला आहेत. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहितेय.

त्यांच्या भीतीला कारण होतं. वडील शेवटची काही वर्षं डिमेन्शियात गेले, त्यामुळे साधं काही विसरलं तरी यांच्या पोटात गोळा. आधी मी नेहमीचं विचारलं, रोजचा रस्ता चुकतो का, तोच प्रश्न परत परत विचारता का, घरच्यांना काही फरक जाणवतोय का? बायको म्हणाली छे, उलट माझंच सगळं यांना पाठ असतं. तरी फॅमिली डॉक्टरकडून बी 12 आणि थायरॉइड बघून घ्या म्हटलं कारण त्यानेही विसराळूपणा येतो, ते नॉर्मल आलं.

मग म्हटलं यादी दाखवा. ते टूडू डॉट टीएक्सटी वापरतात, अमेरिकन टेक ब्लॉगर जीना ट्रपानी यांनी 2006 मध्ये आणलेली पद्धत. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक काम, कंसात ए-बी-सी लिहून प्राधान्य, प्रोजेक्टला + आणि ठिकाणाला किंवा साधनाला @, काम संपलं की ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स. मला आवडली, कुठलंही ॲप बंद पडलं तरी फाइल आपलीच. पण त्यात ओळ काय होती तर "वारसनोंद +शेती @निफाड". बस्स. म्हणजे नजर पडली की अर्ज कधी दिला, कोण काय म्हणालं, कुठला कागद राहिला, सगळी कहाणी डोक्यात पहिल्यापासून लावायची, आणि ते हे करायचे कधी, तर द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर रात्री अंथरुणात!

काय करायचंय ते यादी सांगत होती, कुठे थांबलोय ते सांगत नव्हती, आणि ते सांभाळायचं काम डोकं एकटं करत होतं. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचा 2011 चा अभ्यास आहे, अर्धवट राहिलेली गोष्ट मनात लुडबुड करत राहते, पण ती कधी-कशी करायची हे नेमकं ठरवलं की काम पूर्ण न होताही ती लुडबुड कमी होते. त्यांना म्हटलं तुमची मेमरी ठीक आहे हो, तिच्यावर ओझं जास्त टाकलंय.

आम्ही ठरवलं की कामावरून उठताना, रात्री नाही, उठतानाच, तारीख टाकून एवढंच लिहायचं: आज काय झालं, आता कोणाकडे अडलंय, आपण पुढे काय करायचं आणि कधी. उदाहरणार्थ, "तलाठ्यांनी फेरफार धरला, नोटीस लागली. 15 दिवस हरकतीची वाट. मग मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला का ते बघायचं." एवढं असलं की मधले दिवस त्या विषयाला सुट्टी.

पहिल्या आठवड्यात त्यांनी हे सगळं यादीतच कोंबलं आणि ओळी पंचवटी एक्सप्रेसएवढ्या लांब झाल्या. ही पद्धत एका ओळीची आहे, तिथे लांबण लावली की यादी वाचवत नाही. मग प्रत्येक मोठ्या कामाला वेगळी टेक्स्ट फाइल, यादीतल्या ओळीच्या शेवटी "टीप:" आणि लगेच, स्पेस न देता, त्या फाइलचं नाव. नवी नोंद सगळ्यात वर, म्हणजे फाइल उघडली की आजची स्थिती आधी दिसते. छोट्या कामांना हे काही लागत नाही, गॅस बुक करायला कशाला फाइल.

दुसरी अडचण माझ्या क्षेत्रातली. नोंदींमध्ये "मी बिनडोक आहे, मागच्याच आठवड्यात फोन करायला हवा होता" असली वाक्यं घुसायला लागली. म्हणजे काम उघडायचं तर आधी स्वतःच्या शिव्या खायच्या, मग उघडणार कोण? ते लिहू नका नाही म्हटलं, फक्त ते वेगळ्या फाइलीत ठेवा आणि इकडे घेऊन या.

झोप सुधारली, वारसनोंदही झाली. एक ओळ मात्र हलेना, "साहेबांशी बदलीचं बोलणे". तिची फाइल वर-खाली बघितली तर दर नोंदीत तेच, "आज जमलं नाही, उद्या बोलतो". इथे माहिती कमी नव्हती, कोणाकडे अडलेलंही नव्हतं, अडलं होतं ते त्यांच्याच मनात. ते स्वतःच म्हणाले, मॅडम हे तर विसरणं नाहीच, टाळणं आहे. सध्या आमची सेशन्स त्या एका ओळीवर चालू आहेत.