आईसमोर बाबांचा विषय काढावा का?

"मॅडम, बाबांचं नाव काढलं की आई रडते. मग विषय टाळलेलाच बरा ना?" वडील गेलेल्या घरांतून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकला आहे की एका घराची गोष्ट लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. शोकसभेत सगळे 'हाडाचा इंजिनिअर, कुटुंबवत्सल माणूस' म्हणाले आणि पांगले. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा दहा महिने उलटले होते. आईला त्रास नको म्हणून त्याने बाबांचा फोटो आतल्या खोलीत नेला, कपडे देऊन टाकले, वर्षश्राद्धाआधी घरही रंगवून घेतलं. तरी आई गप्पच.

"ती अजून 'डिनायल'मध्ये आहे," तो म्हणाला. दुःखाच्या पाच पायऱ्या वाचून आला होता; 'डिनायल', म्हणजे घडलेलं नाकारणं, ही त्यातली पहिली. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नाही. मी म्हटलं, आईंना घेऊन या.

पहिल्या दोन भेटींत काकू "बरं चाललंय"च्या पुढे गेल्या नाहीत. "कसं वाटतं?" हे मी मुद्दाम विचारत नाही. सत्तरीच्या बाईला आयुष्यभर ते कुणी विचारलेलं नसतं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "काकू, पाण्याची मोटर कोण लावायचं?"

त्या मुलाकडे वळल्या. "आता मोटरचं बटण कुठलं तेच कळत नाही. ह्यांनी प्रत्येक बटणाखाली लिहिलं होतं. मोटर, सोलर, जिना. तू रंगात सगळं घालवलंस. ह्यांचं अक्षर होतं रे ते."

"अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"त्रास कसला? रोज दिवा लावताना दिसायचे मला."

काकू रडल्या नाहीत. रडला तो मुलगा, दहा महिन्यांत पहिल्यांदा. काकूंनी पदराने त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसत असतील तसं. मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं मात्र शिकले आहे, की अशा वेळी समुपदेशकाने मध्ये येऊ नये. आईला जपतोय असं त्याला वाटत होतं; खरं तर तो स्वतःच बाबांच्या आठवणीला घाबरत होता. विषय टाळणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं हेच असतं.

गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय दुःखातून सुटका नाही, हे मला कधीच पटलं नाही. नाशिकला रामकुंडावर अस्थी सोडतो आणि पितृपक्षात त्याच माणसाच्या नावाने पान वाढतो, ते उगाच नाही.

म्हणून नाव घ्या. प्रश्न लहान ठेवा: पहिली बदली कुठे झाली, साइटवर डबा कोण पोचवायचं, पगार काय होता. आई रडली तर शेजारी बसून राहा, पाणी आणायच्या निमित्ताने उठून जाऊ नका. वस्तू हलवण्याआधी तिला विचारा. मात्र जेवण तुटलं, झोप उडाली, औषधं बंद केली किंवा "मलाही न्या" असं वारंवार तोंडी येऊ लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

पुढे पावसात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. दरवर्षी बाबा सगळ्यांना गोदेचा पूर बघायला न्यायचे. या वेळी मुलाने नेलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून इथे पुराचा अंदाज घेतात; लोक तिच्या कुठवर पाणी आलं ते बघत होते. नातीने विचारलं, "क्युसेक म्हणजे किती?"

मुलगा फोन काढेपर्यंत काकू बोलल्या, "सेकंदाला अठ्ठावीस लिटर. दहा हजार सोडलं म्हणजे आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीसारख्या २८३ टाक्या, एका सेकंदात."

"आई, तुला कसं माहीत?"

"पन्नास वर्षं तेच ऐकलंय. बाबा तुझे दरवर्षी इथेच उभे राहून सांगायचे. तू भुट्टा खात असायचास."