थ्रिलर आवडणाऱ्याने अ‍ॅमेझॉनच्या आदिवासींचं काय वाचावं?

तुम्हाला सायकॉलॉजिकल थ्रिलर आवडतात, आणि अ‍ॅमेझॉनमधल्या आदिवासींनी स्वतः सांगितलेलं काही वाचायचंय. मी एकच पुस्तक सुचवेन: दावी कोपेनावा यांचं 'द फॉलिंग स्काय'.

मीही थ्रिलर भरपूर वाचतो. रक्तपात मला नको वाटतो. विश्वास नेमका कुणावर ठेवायचा, हे कळेनासं झालं की मात्र पुस्तक हातातून सुटत नाही. पण याच कथा जंगलात शिरल्या की आदिवासी मुका होतो. अंधारातून बाण सोडायचा, एवढंच त्याला काम! हे मला फार खुपायचं.

कोपेनावा हे ब्राझीलमधल्या यानोमामी लोकांचे शामान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधून आजार बरे करणारे. त्यांच्या सांगण्यात भीती बाहेरून जंगलात येते. लहानपणी गोरी माणसं आली की आई छोट्या दावीला मोठ्या टोपलीखाली लपवायची. ही माणसं वस्तू वाटायची आणि त्यांच्यासोबत गोवर यायचा. कोपेनावांची आईही गोवरानेच गेली. आता विश्वास कुणावर ठेवायचा? यानोमामी भाषेत अशा साथीला 'शावारा' म्हणतात. ती धुरासारखी पसरते आणि माणसं खाते. ही पानं वाचताना मला मध्येच पुस्तक मिटावं लागलं.

पुढे सोनं शोधणारे घुसले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते सुमारे ४०,००० होते. १९९२ मध्ये यानोमामींच्या भूमीला कायदेशीर सीमा मिळाली. जवळजवळ ९६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं जंगल. तरी बेकायदा खाणकाम चालूच राहिलं, सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नदीत आणि माशांत उतरला, आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

एक लक्षात ठेवा. कोपेनावा हे सगळं यानोमामीत बोलले. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ ब्रूस अल्बेर यांनी ते वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित करून फ्रेंचमध्ये लिहिलं (२०१०), आणि मी वाचला तो २०१३ चा इंग्रजी अनुवाद. तरीही बोलणाऱ्याचा राग आणि माया जाणवत राहते.

पुस्तक जाडजूड आहे. पहिल्या भागात 'शापिरी' आत्म्यांचं जग येतं, त्याची लय संथ आहे. तुम्हाला थ्रिलरची सवय असेल, तर खुशाल दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. टोपली तिथेच भेटेल. मग पहिल्या भागाकडे परत या, पण तो वगळू नका.