आधी वापरून बघा, मग योजनेत लिहून घ्या

तुमची धाकटी बहीण पेनसिल्व्हेनियात राहते, अकाउंटिंगची पदवी झाली आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे नजरेचा घेर कमी होत चाललाय, आणि नोकरीसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च कोण करेल असं तुम्ही विचारलंय. खर्चाचं सांगतेच, पण त्याआधी एक पायरी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात.

१९९८च्या सहायक तंत्रज्ञान कायद्यामुळे, म्हणजे अपंगांच्या उपयोगी उपकरणांसाठीच्या कायद्यामुळे, अमेरिकेत प्रत्येक राज्याचा एक कार्यक्रम असतो. पेनसिल्व्हेनियाचा टेकआउल, टेंपल विद्यापीठातला. तिथे उपकरणं दाखवतात आणि काही आठवडे घरी वापरायला देतात. ते विकत घेऊन देत नाहीत, म्हणून लोक फोन करून निराश होतात. तुम्ही मात्र तिथूनच सुरुवात करा. कारण या आजारात बाजूची नजर आधी जाते, मधली बऱ्याचदा बरीच वर्षं टिकते. अशा डोळ्यांना अक्षर खूप मोठं केलं की उलट त्रास होतो: एका वेळी चारच आकडे दिसतात आणि स्प्रेडशीटची ओळ हरवते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, ठळक कर्सर आणि जोडीला वाचून दाखवणारा आवाज, एवढ्याने तिचं काम जास्त सोपं होऊ शकतं. पडदा मोठा करून दाखवणारं झूमटेक्स्ट हवं की वाचून दाखवणारं जॉज, की दोन्ही एकत्र असलेलं फ्यूजन, हे कोणी कागदावर ठरवू नये. तिने खरीखुरी खतावणी उघडून तासभर काम करून बघावं आणि काय जमलं, काय नाही, ते लिहून ठेवावं.

ती टिपणं घेऊन मग ओव्हीआर, म्हणजे राज्याचं व्यावसायिक पुनर्वसन कार्यालय. सॉफ्टवेअरचा खर्च उचलू शकतं ते हेच. त्यात दृष्टिबाधितांसाठी वेगळा विभाग आहे, अर्ज तिथेच करा. एरवी अर्जानंतर ६० दिवसांत पात्रता ठरवायची आणि पात्र ठरल्यावर ९० दिवसांत नोकरीची वैयक्तिक योजना तयार करायची, असा संघराज्याचा नियम आहे. तिला अपंगत्वामुळे एसएसआय किंवा एसएसडीआय हे संघराज्याचे भत्ते मिळत असतील तर ती पात्र आहे असंच धरून चालतात. प्रतीक्षायादी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

सगळं वजन त्या योजनेत आहे. ‘संगणक साहाय्य’ असं मोघम लिहू देऊ नका. सॉफ्टवेअरचं नाव, नोकरीचं उद्दिष्ट आणि शिकवणीचे तास, तिन्ही लिहून घ्या. शिकवणीवर मी मुद्दाम जोर देतेय: स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, हातात मिळाला आणि शिकवणारं कोणी नसलं, तर तो तसाच पडून राहतो. ‘आधी विम्याकडे मागा’ असं सांगितलं तर नम्रपणे लक्षात आणून द्या की खर्चाची इतर सोय आधी शोधायच्या अटीतून पुनर्वसन तंत्रज्ञानाला, म्हणजे अशा सॉफ्टवेअर-उपकरणांना, कायद्यानेच सूट आहे. तरीही अडवलंच, तर प्रत्येक राज्यात क्लायंट असिस्टन्स प्रोग्राम असतो, तो अर्जदाराच्या बाजूने फुकट बोलतो. पहिला नकार हा शेवटचा नकार समजून घरी बसलेली फार हुशार मुलं मी पाहिली आहेत. तुम्ही तसं होऊ देऊ नका.

नोकरी लागल्यावर कचेरीतल्या मॉनिटरची, सॉफ्टवेअरची जबाबदारी मालकावर येते. एडीए, म्हणजे अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. मागणी कशी मांडायची हे जॉब अकॉमोडेशन नेटवर्क ही सल्ला सेवा विनामूल्य सांगते, मालकालाही आणि कर्मचाऱ्यालाही. घरच्या वापरासाठी काही हवं असेल तर पेनसिल्व्हेनिया असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी फाउंडेशन कमी व्याजाने कर्ज देतं.

बहीण व्हिसावर असेल तर काम करण्याचा परवाना विचारतील, तो जवळ ठेवा.

अर्ज पुढे सरकेपर्यंत एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर संगणकावर उतरवून घ्या. पूर्ण मोफत आहे, विंडोजवर चालतं, एक्सेलही वाचतं. आजपासून रोज थोडा वेळ, आधी फक्त कीबोर्डवरून फाइल उघडणं आणि एका रकान्यातून दुसऱ्यात जाणं, एवढंच करू दे.