शाळेचा सर्व्हर: विंडोज की लिनक्स?

प्रश्न: आमच्या हायस्कूलच्या संगणक कक्षात २२ संगणक आहेत, निम्म्यांवर विंडोज प्रो, निम्म्यांवर होम. मुलांच्या फाइली एका जागी राहाव्यात म्हणून ८ जीबी रॅमचा जुना आय-फाइव्ह संगणक सर्व्हर म्हणून वापरायचा आहे. विक्रेता विंडोज सर्व्हर सुचवतो, एक माजी विद्यार्थी सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून देतो म्हणतो. पावसात वीज सारखी जाते. काय निवडावे?
— संगणक शिक्षिका, वाळपई

उत्तर: सेंटओएस ७ नकोच. त्याचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ रोजी बंद झाले.

विंडोज सर्व्हर वाईट नाही, पण कोटेशन नीट वाचा. मूळ परवान्याशिवाय प्रत्येक संगणकामागे किंवा वापरकर्त्यामागे ‘कॅल’ (सर्व्हर वापरण्याचा परवाना) वेगळा घ्यावा लागतो. एवढा खर्च करूनही तुमचे होमवाले संगणक डोमेनला (सगळ्यांची खाती सर्व्हरवरून एकत्र सांभाळण्याच्या व्यवस्थेला) जोडता येणार नाहीत, म्हणजे निम्मी लॅब बाहेरच.

तुम्हाला फाइलीच ठेवायच्या आहेत, तेव्हा डेबियन १३ हे लिनक्स आणि त्यावर सांबा (विंडोज संगणकांना फाइली पुरवणारे सॉफ्टवेअर) घ्या. ८ जीबी रॅम या कामाला पुरते. ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे एलटीएसचे (दीर्घकालीन आधाराचे) अपडेट मिळतात. काम चवथीच्या सुट्टीत काढा, घाई होणार नाही.

इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढा, एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हर हाताळण्याची सोय) ठेवा. सारख्या आकाराच्या दोन डिस्क लावून रेड १ करा, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच माहिती राहते. इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन हाताने करण्याचा पर्याय निवडला की ते जमते. सर्व्हरला स्थिर आयपी द्या, समजा १९२.१६८.१.१०, आणि राउटरचे डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी देण्याचे) वाटप १९२.१६८.१.१०० पासून पुढे ठेवा. नाहीतर तोच आयपी एखाद्या संगणकाला मिळतो आणि शेअर मध्येच गायब होतो.

सांबात हमखास अडणारी जागा पासवर्डची. लिनक्सवर खाते उघडले तरी सांबाची पासवर्ड यादी वेगळी असते. तिथे नाव घातले नाही तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. दुसरी अडचण परवानग्यांची: मुलाने ठेवलेली फाइल शिक्षकांना उघडत नाही. इयत्तेच्या फोल्डरला शिक्षकांचा ग्रुप द्या, सेटजीआयडी (नव्या फाइलींना फोल्डरचाच ग्रुप देणारी खूण) लावा आणि सांबाच्या सेटिंगमध्ये नव्या फाइलींना ग्रुपची वाचण्या-लिहिण्याची मुभा ठेवा.

पुढे सगळीकडे प्रो आले तर सांबा डोमेन कंट्रोलरही (डोमेन चालवणारा सर्व्हर) होतो. मात्र त्यासाठी सर्व्हर नव्याने मांडावा लागेल. तेव्हा संगणकांचा डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा) राउटर नव्हे, सर्व्हर असला पाहिजे. सर्व्हर आणि संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तर लॉगिन अडते; जुन्या मदरबोर्डवरचा सेल संपला की नेमके हेच होते.

विजेसाठी यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या आणि ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी उतरत आली की ते सर्व्हर रीतसर बंद करते. नुसता यूपीएस असेल तर बॅटरी संपताच सर्व्हर धाडकन बंद पडतो. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही चालू ठेवा. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल असेल तर ती काढून फायबर टाका. तुमच्या सत्तरी तालुक्यात गडगडाटाला तोटा नाही, आणि एका झटक्यात स्विचसकट सर्व्हर जळू शकतो.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे: एका डिस्कवरून खोडलेली फाइल दुसरीवरूनही जाते. दोन बाह्य डिस्क आठवड्याआड बदलून वापरा; एक मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, तीही सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात.